वेळूचे गणित आणि पाटणचा मठ

काटकोन त्रिकोणाची उरलेली बाजू काढण्याचे गणित आपण शाळेत केले आणि विसरलो. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त तेच गोष्टीसारखे मांडले. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला. त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर भुईला टेकला. तर तो मोडला कोठे? १६ च्या वर्गाला ३२ ने भागले की ८ येतात. ते ३२ मधून वजा करून निम्मे केले की १२ हात ही कोटी. ३२ त मिळवून निम्मे केले की २० हात हा कर्ण.

परंतु ग्रंथ लिहिल्यानेच विद्या टिकत नाही. आचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तेथील शिलालेख अखेरीस संस्कृत सोडून मराठीत उतरतो, आणि बाजारातील मालावरचा व तेलाच्या घाण्यांवरचा वाटा मठाला लावून दिल्याचे सांगतो. भुज-कोटींचा अभ्यास बाजारपेठेच्या आधारावर चालला! आचार्यांचा अभिमान आम्ही पुष्कळ बाळगतो. विद्येसाठी आमच्या घाण्यातून किती पळ्या तेल बाजूला काढतो, हेही एकदा मोजावयास हवे.