कुलपाची किल्ली कोणाकडे? बडोद्याच्या फिरत्या पेट्यांची गोष्ट

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर आईनं सांगितलेलं काम टाळत गच्चीवर बसला असाल, तर आज माझ्याबरोबर थोडं मागे चला. साधारण एकशेदहा वर्षं मागे, बडोदा संस्थानात.

आधी माझी एक फजिती सांगते. मी शाळेत ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपूर्वी मी एक योजना काढली. एक पुस्तक वाचलं की एक स्टार, दहा स्टार झाले की बक्षीस. महिन्याभरात पुस्तकं भराभर फिरायला लागली. मी खूश! मग सातवीतल्या एका मुलाला सहज विचारलं, काय रे, गोष्ट कशी होती? तो म्हणाला, "मॅडम, स्टार मिळाला ना, मग?" म्हणजे पुस्तक घरी जात होतं आणि तसंच परत येत होतं. तेव्हापासून मी बडोद्याबद्दल वाचते आहे.

का, तर तिथल्या राजालाही हाच प्रश्न पडला होता. सयाजीराव गायकवाड, तिसरे. जन्म 1863 चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. मूळ नाव गोपाळराव. 1875 साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर आले, आणि त्यांचं खरं शिक्षण तिथून पुढे सुरू झालं. बाराव्या वर्षी! उशिरा अक्षर ओळखलेल्या माणसाला अक्षराची किंमत जरा जास्तच कळते, असं माझं आपलं मत.

त्यांनी 1893 मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात. झालं काम? नाही. मुलं शाळेत वाचायला शिकायची, शाळा सुटली की शेतावर जायची आणि शिकलेलं विसरायची. कारण गावात वाचायला काही नव्हतंच. शाळेनं वाचता येतं, पण वाचावंसं कशानं वाटणार?

अमेरिकेच्या दौऱ्यात सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली होती. त्यांनी 1910 मध्ये तिथून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षं राहिले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग निघाला, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयांवरचं एक नियतकालिकही निघालं.

पण माझा जीव अडकला तो पेट्यांमध्ये. लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तकं, वर कुलूप. ही पेटी रेल्वेनं खेड्यात जायची. भाडं सरकार भरायचं. गावात एखादा जबाबदार माणूस ती ताब्यात घ्यायचा, लोक वाचायचे, मग ती परत आणि दुसरी हजर. आपल्या भाषेत सांगायचं तर डाउनलोड करा, वाचा, जागा रिकामी करा!

आणि आता तंत्रज्ञान. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यानं वेगळी दृश्यशिक्षण शाखा काढली. मॅजिक लँटर्नच्या स्लाइड, सिनेमाचे फुकट खेळ आणि स्टीरिओस्कोप. स्टीरिओस्कोप म्हणजे काय, तर एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन जवळपास सारखे फोटो. भिंगांतून बघितलं की मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि चित्राला खोली येते. आजचा व्हीआर चष्मा याच युक्तीवर चालतो. म्हणजे "स्क्रीन की पुस्तक" हे भांडण तिथे नव्हतंच. दोन्ही एकाच खात्यात नांदत होती. आमच्या स्टाफरूममध्ये हे कुणीतरी सांगायला हवं.

तरी मला खरा धडा सापडला तो पैशांच्या नियमात. गावाला कायमचं वाचनालय हवं असेल तर एक हिस्सा गावकऱ्यांनी उभा करायचा. तेवढाच दुसरा हिस्सा स्थानिक पंचायत घालणार, तेवढाच तिसरा सरकार. गावानं आधी हात हलवायचा. आणि याला जमीनही तयार होती, कारण मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक बॉर्डन येण्याच्या आधीपासून गावोगाव मित्रमंडळ वाचनालयं उभी करत होते. राजानं वरून ढकललं, मोतीभाईंनी खालून उचललं. इतिहासाच्या पुस्तकात नाव राजाचं मोठं होतं, चालायचंच.

माझ्या स्टारच्या योजनेत नेमकं हेच नव्हतं. सगळं मी देत होते. मुलांचा हिस्सा शून्य.

म्हणून या जूनमध्ये स्टारचा तक्ता काढून टाकला. सुताराकडून एक पेटी करून घेतली. सातवीच्या मुलांना सांगितलं, वीस पुस्तकं तुम्ही निवडायची, नोंदवही तुम्ही ठेवायची, किल्लीही तुमच्याकडे. त्यांनी निवडलेल्यात आठ भुताची आहेत, तीन क्रिकेटची, आणि एक मोबाइल दुरुस्तीचं, जे मला स्वतः जाऊन विकत आणावं लागलं. पेटी वर्गात मागच्या बाकाजवळ असते. दोन पुस्तकं गहाळ आहेत. मोबाइल दुरुस्तीच्या पुस्तकाची पानं सुटलीत, मुलांनी दोनदा चिकटवलीत. वार्षिक तपासणीत मुख्याध्यापक त्या दोन पुस्तकांबद्दल विचारणार, आणि रजिस्टरवर सही माझी आहे.