डी. डी. टी. : एका गुणाचा इतिहास
डी. डी. टी. प्रथम तयार झाले इ. स. १८७४ मध्ये, त्याचे कीटकनाशक सामर्थ्य मात्र पाउल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञास १९३९ मध्ये आढळले. त्याबद्दल १९४८ चे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे! हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत सहज विरघळते, व लवकर विघटन पावत नाही. भिंतीवर एकदा फवारले असता तेथे बसणारा डास कित्येक महिने मरत राहतो. मुंबई इलाख्यातील उत्तर कानडा व धारवाड जिल्ह्यांत १९४६ मध्ये विश्वनाथन यांनी आरंभिलेली फवारणी आणि १९५३ ची राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना यांची सारी भिस्त या टिकाऊपणावरच होती. भारतातील रुग्णसंख्या वर्षाला सुमारे ७.५ कोटींवरून १९६५ मध्ये १ लाखाच्या आसपास आली.

शेतात मात्र तोच गुण दोष ठरला. पिकांवरील अंश माती, पाणी, मासे या मार्गाने चढत जाऊन प्राण्यांच्या चरबीत व दुधात साचतो. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे त्यामुळे पातळ झाली. मनुष्यास तत्काळ विषबाधा क्वचितच होते. धोका उशिरा ओळखला गेला, त्याचे हेही एक कारण म्हणावे लागते. डासांतही प्रतिकारशक्ती वाढली, आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. शेतीतील वापर भारताने १९८९ मध्ये थांबविला. घरांच्या भिंतींवरील फवारणी त्यानंतरही चालूच राहिली.