ठाणे जिल्ह्यातील अग्निबंदी, राब आणि वणवे

ठाणे शहराच्या पूर्वेस खाडीलगत कोपरी आणि पश्चिमेस येऊरचे डोंगर, अशी या भागाची रचना आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि पुढील काळात इमारती लाकडाची निकड वाढत गेली. वनांस लागणारा प्रत्येक अग्नी म्हणजे महसुलाची हानी, ही दृष्टी याच काळात दृढ झाली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला. १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ मध्येही ती तरतूद कायम राहिली.

परंतु उत्तर कोकणातील शेतीस अग्नी परका नव्हता. ऐनादी वृक्षांचे टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात भाजावयाचे आणि त्या जागी भाताची रोपे वाढवावयाची, ही राबाची पद्धती होय. हा अग्नी बांधाच्या आत, शेतकऱ्याच्या देखरेखीखाली असे. राबाचा प्रश्न एवढा तीव्र झाला की, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला.

येथे एक विवेक आवश्यक आहे. अमेरिकेतील पाइन-वनांत अग्निबंदीमुळे इंधन अनेक दशके साचत गेले. कोकणात मात्र पावसाळ्यात बराचसा पाचोळा कुजतो. म्हणून तो सिद्धान्त येथे जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि टहाळ, गवत व चराई यांवर निर्बंध आले, म्हणजे पूर्वी राबात व गोठ्यात जाणारे द्रव्य वनातच राहते आणि फाल्गुन-चैत्रात वाळून वणव्यास आयते इंधन मिळते. अग्निबंदीविषयीची शंका वनखात्यातही उमटली होती. ब्रह्मदेशातील सागाच्या वनांत अग्निसंरक्षणाचा अतिरेक होत असल्याचे प्रतिपादन स्लेड या अधिकाऱ्याने १८९६ मध्येच केले होते.

याहून गंभीर हानी मानवी संबंधांची झाली. १९२७ च्या कायद्याचे कलम ७९ वनात हक्क असणाऱ्यांवर आग विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन घालते. ज्याचे हक्क आकुंचित केले, त्याच्याकडूनच सक्तीने रक्षणाची अपेक्षा करावयाची, ही या नीतीतील विसंगती होय. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन हा ग्रामसमुदायाचा हक्क मानला, हे त्या विसंगतीचे उशिरा झालेले परिमार्जन आहे.

वणव्यास निष्काळजीपणा व स्वार्थ हीही कारणे असतात, हे नाकारता येत नाही. परंतु राबाचा अग्नी आणि वणवा यांतील भेद पुसून टाकल्यास आदिवासी शेतकरी निष्कारण अपराधी ठरतो आणि नीतीचा दोष मात्र अभ्यासकाच्या दृष्टीआड राहतो.