हौशी वाद्यवृंदासाठी की-बोर्डची निवड

गणेशोत्सव-नवरात्रात जुनी लोकप्रिय गीते सादर करणाऱ्या रेणापूरसारख्या गावातील हौशी वाद्यवृंदात बासरी, सनई, व्हायोलिनची उणीव बहुधा एकटा की-बोर्डवादकच भरून काढतो. त्यासाठी पाच सप्तकांचा, 61 पट्ट्यांचा, बोटांच्या दाबानुसार आवाज कमी-अधिक करणारा की-बोर्ड पुरेसा ठरतो. 88 पट्ट्यांचा स्टेज पियानो ने-आण करण्यास जड जातो. गायकाची पट्टी काळी एक व गायिकेची काळी चार असल्यास 'ट्रान्सपोज'मुळे बोटांची जागा न बदलता सूर बदलता येतो. रोलँडच्या 'एक्सपीएस-10'मध्ये भारतीय वाद्यांचे आवाज आहेत. मात्र अंगचे स्पीकर नसल्याने त्याला ध्वनिवर्धकाची जोड लागतेच. यामाहा व कॅसिओचे अनेक की-बोर्ड बॅटरीवरही चालतात. कार्यक्रम बॅटरीवरच वाजविल्यास वीज गेली तरी गाण्यासाठी निवडलेले आवाज पुसले जात नाहीत आणि जनरेटर सुरू होताच गाणे पुढे नेता येते.