शोकाचार आणि वैधव्य

शोकाचार : माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी कसे वागावे, याचे लोकरूढ नियम. मराठी समाजात त्यांचा सर्वाधिक भार विधवेवर पडतो. सुतक घरातल्या सगळ्यांनाच असते. तेरावा झाला की बाकीचे कामाधंद्याला लागतात. तिचा आचार मात्र आयुष्यभर सुटत नाही. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवणे हे सारे चारचौघांसमोर, अनेकदा इतर विधवांच्याच हातून होते. पुढे हळदीकुंकवाला बोलावणे येत नाही, पोटच्या मुलीच्या लग्नातही तिला मागे उभे राहावे लागते. दुःख करायला उसंत मिळण्याआधीच ती ‘अशुभ’ ठरते. विधुराला यातले काहीच नाही. त्याच्यासाठी वर्षाच्या आत स्थळे येऊ लागतात. त्याने मात्र रडत बसायचे नाही.

हे सगळे शास्त्रात आहे, असे सांगितले जाते. पण विधवेचे केशवपन आणि तिने नेसायचे लाल लुगडे म्हणजे अलवण ही मुख्यतः ब्राह्मणादी उच्चवर्णीयांची रूढी होती. अनेक जातींत विधवेचा ‘पाट’ म्हणजे पुनर्विवाह लावला जाई. आदिलाबादच्या राजगोंडांत तिने धाकट्या दिराशी संसार मांडण्याची रीत आहे. नियम जातीगणिक बदलतो, तेव्हा शास्त्राचा दाखला लंगडाच पडतो. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९०मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. वस्तरा ज्याच्या हाती, त्यानेच नकार दिला!

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये समाज ज्याला मान्यता देत नाही, अशा शोकाची संकल्पना मांडली. मराठी विधवेची गोष्ट थोडी वेगळी आहे : तिच्या शोकाला मान्यता आहे, पण त्याचे रूप दुसरेच ठरवतात.

मे २०२२मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांचा पाठपुरावा होता. आपल्या पश्चात पत्नीवर हे विधी लादू नयेत, असे त्यांनी प्रतिज्ञापत्रच करून ठेवले होते. राज्याच्या ग्रामविकास विभागाने १७ मे २०२२च्या परिपत्रकाद्वारे सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. मात्र हे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. त्याचा भर जनजागृतीवर आहे.