मासाओका शिकी

मासाओका शिकी : (१४ ऑक्टोबर १८६७ – १९ सप्टेंबर १९०२). जपानी कवी, समीक्षक आणि पत्रकार. मूळ नाव त्सुनेनोरी. जन्म शिकोकू बेटावरील मात्सुयामा येथे, सामुराई घराण्यात. ‘शिकी’ हे होतोतोगिसु या पावशाच्या जातकुळीतल्या पक्ष्याचे नाव. गाता गाता हा पक्षी रक्त ओकतो, अशी जुनी समजूत आहे. १८८९ मध्ये खोकल्यातून रक्त पडल्यावर त्याने हे टोपणनाव घेतले.

टोकिओतील विद्यापीठीय शिक्षण अर्धवट सोडून १८९२ मध्ये तो ‘निप्पोन’ या दैनिकात लागला. १८९५ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून चीनला गेला आणि परतताना बोटीवरच त्याचा क्षय बळावला. पुढे तो मणक्यात उतरला. चालणे सुटले आणि अखेरीस कुशीवर वळणेही दुसऱ्याच्या आधाराशिवाय जमेना.

टोकिओच्या नेगिशी भागातील घरात एका खोलीत त्याचे जग उरले. डावा पाय सरळ होत नसे, म्हणून वाकलेल्या गुडघ्यापुरती खाच पाडलेले मेज त्याने करवून घेतले. खोलीला काचेची दारे बसवल्यावर झोपल्या जागेवरून बाग दिसू लागली. जे समोर आहे ते जसेच्या तसे टिपावे, हा त्याचा ‘शासेई’चा (वस्तुचित्रणाचा) आग्रह आधीपासूनचा होता. पण अंथरुणाला खिळल्यावर त्या आग्रहाची कसोटी लागली आणि तो टिकला. जुन्या साखळीकाव्यातील पहिल्या कडव्याला स्वतंत्र कविता मानून ‘हायकू’ हे नाव त्यानेच रूढ केले. शिरीष पै यांनी मराठीत रुजवला तो हाच काव्यप्रकार.

त्याचे गद्यही हायकूइतकेच मोलाचे आहे. ‘ब्योशो रोकुशाकु’ (सहा फुटी रुग्णशय्या) हे सदर ५ मे १९०२ पासून १२७ भागांत छापून आले. शेवटचा भाग मृत्यूच्या दोन दिवस आधीचा. ‘ग्योगा मानरोकु’ ही खासगी रोजनिशी अधिक उघडी आहे. तीत रोजचे जेवण, जखमांच्या पट्ट्या बदलताना होणारा आक्रोश आणि आत्महत्येचा मोह यांची नोंद आहे. बहीण रित्सु हिच्यावर तीत त्याने कठोर शब्दांत राग काढला. तिच्यावाचून आपण जगू शकत नाही, हेही लिहून ठेवले. त्या पट्ट्या रित्सुच बदलत असे. शिकीच्या लेखनाचे श्रेय देताना तिला वगळणे अन्यायाचे होईल.

खोलीबाहेर घोसाळ्याचा मांडव होता. त्या वेलीच्या खोडातून पाझरणारे पाणी कफावर औषध म्हणून देत. १८ सप्टेंबरला, रित्सुने धरलेल्या फळीवरच्या कागदावर, त्याने घोसाळ्यावर तीन हायकू लिहिले. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, वयाच्या ३४ व्या वर्षी तो गेला. जपानमध्ये त्याची पुण्यतिथी ‘हेचिमा-की’ म्हणून ओळखली जाते. हेचिमा म्हणजे घोसाळे.