मधुमेह आणि ताटातील कर्बोदके

मधुमेह जडला की शीत-कडी कायमची सुटली, असा अनेक गोमंतकीयांचा समज असतो. वास्तविक भात वर्ज्य नाही; महत्त्व आहे ते प्रमाणाला. १५० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात व पचनानंतर त्यांपासून ग्लुकोज तयार होते. त्याच जेवणात पाव किंवा बटाटा आल्यास ही बेरीज वाढते. उकड्या तांदळाची पेजही या हिशेबातून सुटत नाही. मासळीत कर्बोदके जवळजवळ नसतात. म्हणून भात कमी करून मासळी व भाजी वाढवावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र परस्पर भात तोडू नये. मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमखाली उतरल्यास, रुग्ण शुद्धीवर असेल तर, तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.